वृद्धांनीं कोठें राहावें?

दिवाळी आटोपली कीं जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील बरीच तरुण मंडळी भिवंडी, वसई, कल्याणकडील वीटभट्ट्यांवर निघून जाते. साखरशेताच्या बाजूसही हाच क्रम आहे. मागें राहतात ते म्हातारे, व कोठें कोठें त्यांच्या हवालीं केलेलीं नातवंडें. म्हणून निघण्यापूर्वींच ह्या विषयाचा विचार घरांत व्हावा.

वृद्धांस भट्टीवर नेणें आम्हांस बरें वाटत नाहीं. तेथील निवारा म्हणजे बहुधा रचलेल्या विटा व वर ताडपत्री. भोंवतीं धूळ व धूर. ज्यास दम्याचा विकार आहे त्यानें तेथें काय करावें?

दुसरा मार्ग वृद्धाश्रमाचा. पुण्यांतील 'निवारा' संस्था १८६३ सालची आहे, म्हणजे ही कल्पना आपल्या प्रांतांत नवी नव्हे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयींच्या कायद्यांत प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक, १५० निराधारांस पुरेल असा आश्रम असावा, असें म्हटलें आहे. ज्याचें कोणीच नाहीं त्यास असें दार उघडें असणें ही मोठी गोष्ट होय. परंतु जिचा जन्म वारली बोलींत गेला, त्या म्हातारीशीं तेथें बोलणार कोण? पोट भरेल, पण दिवस सरणार नाहीं.

तेव्हां आपला पाडाच बरा. मात्र घर वृद्धाच्या सोयीचें केलें पाहिजे. कारवीचा कूड व शेणामातीचा लिंपा असलेलें जुनें घर उन्हाळ्यांत थंड असतें, पण पावसाळ्यांत भिंत भिजते व जमीन ओलावते. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेंतून निदान २५ चौरस मीटरचीं पक्कीं घरें मिळूं लागलीं. तीं पावसांत भक्कम. पण पत्र्याखालीं एप्रिलची दुपार सोसवत नाहीं, आणि जोतें उंच असून पायऱ्यांस कठडा नसतो. म्हातारपणीं मांडीचें हाड मोडलें तर पुष्कळदां माणूस पुन्हां उठत नाहीं. तेव्हां बांबूचा कठडा ही क्षुल्लक गोष्ट समजूं नये. दारापासून शौचालयापर्यंतची वाट सपाट करावी, रात्रीं उजेड असावा, शौचालयांत धरावयास आडवा दांडा ठोकावा, चुलीच्या धुरास वाट ठेवावी. निजण्यास बाज असावी. जमिनीवरून उठतांनाच तोल जातो. पुष्कळ वृद्ध नवें घर मुलास देऊन आपली चूल जुन्या झोपडींत ठेवितात. त्यांत अपमान मानूं नये. दोन घरें हाकेच्या अंतरावर असलीं म्हणजे झालें.

शिधापत्रिकेचीही व्यवस्था लावावी. बाहेरगांवीं गेलेल्यांस आपल्या वांट्याचें धान्य तेथील दुकानांत घेतां येतें, म्हणून वृद्धाचा वांटा गांवींच राहूं द्यावा. झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटत नसेल, तर उपदेशक बंधूंनीं दुकानदारापाशीं स्वतः जावें. पासष्ट वर्षांवरील निराधारांस श्रावणबाळ योजनेंतून दरमहा १५०० रुपये मिळतात. पैसे बँकेंत जमा होतात, पण ते काढावयास जव्हारपर्यंत नेणारें कोणी लागतें. साखरशेतास प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. रक्तदाबाचीं औषधें संपण्यापूर्वीं तेथें कोणी जावें, हेंही ठरवून ठेवावें.

आतां एक नाजूक गोष्ट. घर किंवा शेत जिवंतपणीं मुलाच्या नांवें करावयाचें असल्यास, तो आपला सांभाळ करील ही अट कागदांतच लिहून घ्यावी. अशी अट असून मुलानें सांभाळ टाकिला, तर त्याच २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमान्वयें तें हस्तांतरण रद्द करवितां येतें. नुसत्या तोंडच्या शब्दावर दाद लागणें कठीण. पोटगीचा अर्जही त्याच कायद्याखालीं उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे करितां येतो, आणि वृद्धास स्वतः जाववत नसेल तर त्यानें अधिकार दिलेला दुसरा मनुष्य तो अर्ज करूं शकतो.