रोह्यांची वीण थांबविणारी लस

तुरीस फूल धरूं लागलें कीं आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याची झोप संपते. गेल्या हंगामांत आमच्या दोन एकर तुरींत रोह्यांचा कळप एकाच रात्रीं फिरला. सकाळीं खुंट तेवढे उभे होते. मचाण होतें, जागल होती. पण जागणाऱ्याचाहि डोळा लागतोच. अशा त्रासास कंटाळून कोणी तारेंत वीज सोडतात. ऑक्टोबर २०१७ मध्यें याच जिल्ह्यांत अशा तारेनें एका वाघिणीचा जीव घेतला. उद्यां तिला आपलाच सालदार चिकटेल. तो मार्ग नकोच. बंदुकीचा मार्गहि सोपा नाहीं. जून २०१६ मध्यें बिहारांत मोकामा येथें सरकारी परवानगीनें २०० हून अधिक रोही मारले गेले, तेव्हां देशभर वाद माजला. म्हणून पुष्कळ बंधु विचारतात कीं, यांची वीणच थांबवितां येईल काय?

अशी लस आहे. डुकरिणीच्या बीजकोशांतील अंड्यांवर जें आवरण असतें त्यापासून ती करितात. ती टोचली असतां मादीच्या रक्तांत त्या आवरणाविरुद्ध द्रव्यें उत्पन्न होतात, तीं तिच्याच अंड्यास चिकटतात व नराचें बीज आंत शिरत नाहीं. मादी माजावर येते, पण गाभण राहत नाहीं. बहुधा प्रथम दोनदां व पुढें वर्षास एकदां टोचावी लागते. दुरून बंदुकीनें सुई मारूनहि देतां येते. अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळील फायर आयलंड बेटावर १९९३ पासून वस्तीलगतच्या हरिणींस ती दिली. संख्या घटली खरी, पण त्यास कित्येक वर्षें लागलीं.

आतां कारकुनी हिशेब करूं. आमचें आयुष्य त्यांतच गेलें. कळपांत १२ माद्या धरा. ९ माद्यांस सुई लागली, ३ सुटल्या. रोह्याची मादी आठ महिन्यांनीं विते व तिला पुष्कळदां जुळें होतें; म्हणजे ६ पाडसें येऊं शकतात. शिवाय सुई लागलेली मादी कांहीं उपाशी राहत नाहीं. यंदाची तूर ती यंदा खाणारच! बेटास चोहोंकडे पाणी असतें. बोरचें रान व आपलें शिवार यांमध्यें तसा आडोसा नाहीं, एक कळप ओसरला तर दुसरा येतो. रानडुकरीण तर चार महिन्यांत चार-सहा पिलें देते. तिच्यापुढें सुईवाला किती धांवणार?

तरी लस टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. रस्ता, कालवा व वस्ती यांनीं कोंडलेला, बाहेरून भर न पडणारा लहान कळप असेल तेथें वनखात्यानें पशुवैद्याकरवीं प्रयोग करून पाहावा. रोही संरक्षित जनावर आहे. खाजगी हातानें हें काम करूं नये. कुंपण व जागल मात्र तोंवर सुटत नाहीं.

परंतु मोजदादीवांचून प्रयोग साधला कीं फसला हें कळणार कसें? यासाठीं प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एक वही घालावी. पोळ्याच्या सुमारास एक व होळीच्या सुमारास एक अशी नोंद करावी: तारीख, शिवार, नर, माद्या, पाडसें, खाल्लेलें पीक. मोठा नर काळसर निळा व शिंगांचा, मादी बदामी व बिनशिंगी असते. रोही पुन्हां पुन्हां एकाच ठिकाणीं लेंड्या टाकतात. त्या ढिगाजवळ वारा पाहून पहाटे बसल्यास कळप नीट मोजतां येतो.