‘फायबर’ शब्दाचा अर्थ व पशुपालकास त्याचा उपयोग

पिंपरी-चिंचवड व चाकण भागात ‘फायबर’ हा शब्द आता सर्वतोमुखी झाला आहे. मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तो ऐकू येतो आणि पशुखाद्याच्या पोत्यावरही तो छापलेला आढळतो. दोन्ही ठिकाणी शब्द एकच असला तरी वस्तू भिन्न आहेत. हा भेद न ओळखल्यास जनावरांची हानी होते.

मूळ लॅटिन शब्द ‘फिब्रा’, म्हणजे तंतू. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. आपला ‘तंतू’ हा शब्द ‘तन्’, म्हणजे ताणणे, या संस्कृत धातूपासून झाला आहे. मराठीत मात्र निरनिराळ्या तंतूंस निरनिराळी नावे आहेत. घायपात व अंबाडीचा तो वाख, नारळाच्या सोडणाचा तो काथ्या, रस काढल्यावर उरतो तो चोथा. इंग्रजीत या सर्वांस ‘फायबर’ हे एकच नाव चालते.

कारखान्यातील फायबर बहुधा काचतंतूंचे असते. काचेचे सूक्ष्म तंतू रेझिनमध्ये बसवून ते तयार करतात. ते कुजत नाही व पचतही नाही. त्याचे तुकडे व भुसा कंपोस्टच्या खड्ड्यात, शेतात किंवा गोठ्यात टाकू नये, जाळूही नये.

पोत्यावरील ‘क्रूड फायबर’ म्हणजे वनस्पतींचे कच्चे तंतू. सन १८६० च्या सुमारास जर्मनीतील वेंडे येथे हेन्नेबर्ग व स्टोमान यांनी ते मोजण्याची रीत बसविली. खाद्याचा नमुना प्रथम १.२५ टक्के गंधकाम्लात व नंतर तितक्याच तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्यात उकळतात. उरलेला चोथा वाळवून तोलतात व त्यातून राखेचे वजन वजा करतात.

गाईच्या कोठीपोटातील सूक्ष्म जीव या तंतूंचा बराच भाग पचवितात. मात्र लिग्निन हा काष्ठमय भाग पचत नाही. पोत्यावरील आकडा कमाल मर्यादा दाखवितो. खाद्यात तंतू कमी असणे इष्ट, म्हणून कडबाही कमी करावा, असा अर्थ कोणी काढू नये. वैरण घटली की रवंथ कमी होते, लाळ कमी सुटते, कोठीपोटात आम्लता वाढते व दुधातील स्निग्धांश उतरतो. आंबोण वैरणीच्या जोडीला असते, तिच्या जागी नव्हे.

ग्रामकार्यकर्त्यांनी पोत्यावरील मजकूर शेतकऱ्यांस वाचून दाखवावा आणि ‘फायबर’ शब्द येताच ‘हे कशाचे तंतू?’ असे विचारण्याची सवय लावावी.