दार वाजलं की काय करावं? ८०८५ ला विचारा!

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलचं दार दर दहा मिनिटांनी वाजतं. कुणाला स्टेपलर हवा, कुणाला ग्राफ पेपर, कुणाला नुसत्याच गप्पा. नाही म्हणावं तर मैत्री दुखावते, हो म्हणावं तर जर्नल राहतं. मग करायचं काय?

उत्तर आपल्या मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्येच आहे. इंटेलने १९७६ साली आणलेला ८०८५ एका वेळी एकच काम करतो, पण त्याला हाक मारायला पाच इंटरप्ट पिना आहेत. तरी तो गोंधळत नाही. कसं ते बघू.

१) हातातली इन्स्ट्रक्शन तो आधी पुरी करतो. आपणही म्हणावं, "एवढी ओळ लिहितो हं, मग बोलू." अर्ध्या गणितातून मान वर काढायचीच नाही!

२) जाण्याआधी तो परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवतो. अ‍ॅक्युम्युलेटर आणि फ्लॅग्ज मात्र आपल्यालाच पुश करावे लागतात. म्हणून उठण्यापूर्वी पुढची स्टेप पेन्सिलीने समासात लिहून ठेवा.

३) डीआय दिलं की बाकीचे इंटरप्ट थांबतात, पण ट्रॅप थांबत नाही. रूममेटला ताप भरला, घरून तातडीचा फोन आला, तर तो ट्रॅप. तिथे जर्नल बाजूला. स्टेपलर म्हणजे ट्रॅप नव्हे!

४) आता खरी गंमत. आरएसटी ६.५ आणि ५.५ ला दखल घेतली जाईपर्यंत सिग्नल धरून ठेवावा लागतो, म्हणजे दारात ताटकळत उभं राहणं. आरएसटी ७.५ चं तसं नाही. एकदा सिग्नल आला की त्याची नोंद आतल्या फ्लिप-फ्लॉपमध्ये राहते, मग सिग्नल गेला तरी चालतं. नुसतं "बिझी आहे रे" म्हटलं की समोरचा एकतर उभा राहतो नाहीतर रुसून जातो. त्याऐवजी "साडेनऊला मीच तुझ्या रूमवर येतो" म्हणा आणि त्याच्यासमोरच वहीवर लिहा. आपली नोंद झाली हे दिसलं की माणूस शांतपणे जातो. सीनियरलाही हेच सांगता येतं, "दादा, वीस मिनिटांत येऊ का?" आणि सरांना, "सर, एवढी रीडिंग्ज संपवून लगेच येतो."

५) काम झालं की ईआय द्यायचं. ते राहिलं तर प्रोसेसर ट्रॅप सोडून कुणाचंच ऐकत नाही. साडेनऊ म्हणालात तर साडेनऊला जा. दोनदा शब्द मोडला, की तिसऱ्यांदा तुमच्या "नंतर" वर कुणी विश्वास ठेवणार नाही.

आणि एक लक्षात ठेवा, दुसऱ्याच्या दारात आपणही इंटरप्टच असतो! तेव्हा आत शिरण्याआधी एवढंच विचारा, "आत्ता येऊ, की नंतर?"