लम्पी रोग व लस : गोठ्याविषयी एक पाठ

ज्याच्या दावणीला बैलजोडी आहे, त्याचाच पेरा वेळेवर होतो, हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील कास्तकारास सांगावयास नको. म्हणून सन २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी चर्मरोग जळगावाकडून महाराष्ट्रभर पसरू लागला व सप्टेंबरात सरकारने गुरांचे बाजार बंद केले, तेव्हा गोरगरिबांच्या घरी मोठे भय शिरले. अशा वेळी कित्येक बंधू विचारतात, "धडधाकट जनावरास टोचून दुखणे का आणावे?" प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर आपण क्रमाने पाहू.

पहिले, रोगाचे कारण. हा देवीचा कोप नव्हे. शेळ्यामेंढ्यांच्या देवीच्या विषाणूशी ज्याचे सख्खे नाते आहे, अशा विषाणूपासून हा होतो. डास, चावऱ्या माशा व गोचीड तो एका गुरापासून दुसऱ्यास पोहोचवितात. ताप येतो, अंगावर गाठी उठतात, दूध आटते. माणसास हा रोग होत नाही. औषधाने ताप व जखमा आवरतात, परंतु विषाणू मारणारे औषध नाही.

दुसरे, लसीचे काम. शत्रू एकदा दुबळ्या रूपात दिसला, म्हणजे शरीर त्यास ओळखून ठेविते. सन १७९६ मध्ये जेन्नर नामक इंग्रज वैद्याने गाईच्या देवीचा अंश टोचून माणसास वाचविण्याची रीत दाखविली. आज तीच विद्या गाईच्या उपयोगी पडत आहे. विषाणूंच्या त्या नात्यामुळेच २०२२ साली गुरांना प्रथम शेळीच्या देवीची लस टोचली गेली. इकडे हिसार व इज्जतनगर येथील सरकारी संशोधन संस्थांनी २०१९ साली रांचीच्या गुरांतून मिळविलेला विषाणू पेशींवर पन्नास वेळा वाढवून निर्बल केला. त्यापासून झालेली 'लम्पी-प्रोव्हॅक' लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली, व डिसेंबरात ती पुण्यास तयार करण्याविषयी नागपुरात करार झाला.

तिसरे, निरोगी गुरासच लस का? शरीराची तयारी होण्यास दोन-तीन आठवडे लागतात; घर पेटल्यावर विहीर खणून काय उपयोग? टोचल्यावर थोडी सूज वा ताप आल्यास घाबरू नये; पशुवैद्यास कळवावे. आजारी जनावर वेगळे बांधावे, लपवू नये. गोठा कोरडा ठेवावा.

त्या साली मेलेल्या बैलाबद्दल सरकारने २५,००० रुपये व गाईबद्दल ३०,००० रुपये साहाय्य ठरविले. परंतु रुपये काही औतास जुंपता येत नाहीत. उलट, वाडवडिलांची गुरे संपविणारी बुळकांडी लसीच्याच बळाने हटली, व २०११ साली जग तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. हे एकट्यादुकट्याने साधले नाही. माशी कोणाची दावण हे पाहत नाही. म्हणून शेजाऱ्याचे गुरूही टोचले जावे, याची काळजी आपण वाहावी.

उजळणीचे प्रश्न : १. लम्पी कशाने पसरतो? २. लस आधीच का टोचावी? ३. आपल्या गावी कोणाची गुरे टोचावयाची राहिली आहेत?