पेरूच्या शेतकऱ्याचा दावा

पेरू हे फळ आपल्या ओळखीचे आहे. त्याच नावाचा एक देशही आहे. तो फार दूर, दक्षिण अमेरिका खंडात आहे. तेथे अँडीज नावाचे उंच डोंगर आहेत. त्यांच्या माथ्यावर बारा महिने बर्फ असतो. त्या डोंगरांच्या कुशीत वाराझ नावाचे शहर आहे.

वाराझमध्ये साऊल लुसियानो यिउया नावाचा एक शेतकरी राहतो. शेती सांभाळून तो डोंगर चढणाऱ्यांना वाट दाखवायला जातो. डोंगरावरचे बर्फ कमी होत चालले, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

बर्फ वितळले की पाणी होते. ते पाणी पाल्काकोचा नावाच्या तळ्यात साठते. हे तळे शहराच्या वर, साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. १९४१ साली हे तळे फुटले. शहराचा मोठा भाग वाहून गेला. हजारो माणसे दगावली. आता तळ्यात पुन्हा पुष्कळ पाणी साठले आहे. साऊलचे घर खाली आहे. त्याला घोर लागणार नाही तर काय?

बर्फ इतके का वितळते? दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू हवेत जातो. हा वायू गोधडीसारखे काम करतो. पृथ्वीची ऊब तो बाहेर जाऊ देत नाही. गोधडी जाड झाली की उकाडा वाढतो. गेली दीड-दोनशे वर्षे गिरण्या, कारखाने आणि वीजघरे हा वायू सोडीत आली. त्यातला मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे. झळ मात्र गरिबाला आधी लागते. करतो कोण, भरतो कोण!

साऊलने विचार केला. शेजाऱ्याने बांध फोडला आणि आपल्या शेतात पाणी शिरले, तर आपण त्याला जाब विचारतो. मग धूर सोडणाऱ्याला का विचारू नये?

जर्मनी देशात आरडब्ल्यूई नावाची वीज कंपनी आहे. ती १८९८ साली निघाली. तिने वर्षानुवर्षे कोळसा जाळला. माणसांच्या उद्योगांनी सगळ्या जगात जेवढा वायू सोडला, त्यात तिचा वाटा काढला गेला. तो शंभर रुपयांत ४७ पैसे इतका निघाला.

२०१५ साली साऊलने जर्मनीच्या कोर्टात दावा लावला. जर्मनीतल्याच एका स्वयंसेवी संस्थेने त्याला मदत केली. त्याचे मागणे माफक होते. तळ्याचा धोका टाळायला जो खर्च येईल, त्यातला आपल्या वाट्यापुरता कंपनीने द्यावा, एवढेच. ही रक्कम सुमारे १७ हजार युरो होती. त्या वेळच्या भावाने ते बारा लाख रुपये होतात.

२०१६ साली खालच्या कोर्टाने दावा फेटाळला. साऊल वरच्या कोर्टात गेला. २०१७ साली त्या कोर्टाने पुरावा तपासायचे ठरवले. २०२२ साली न्यायाधीश आणि जाणकार पेरूला गेले. त्यांनी जागेवर पाहणी केली.

२८ मे २०२५ रोजी निकाल लागला. साऊल दावा हरला. येत्या तीस वर्षांत पुराने त्याच्या घराचे नुकसान होण्याचा संभव शंभरात सुमारे एक इतकाच आहे, असे जाणकारांनी सांगितले. एवढा धोका कायद्याला पुरेसा वाटला नाही.

पण कोर्टाने आणखीही काही सांगितले. धूर सोडणाऱ्या मोठ्या कंपनीवर कायद्याने जबाबदारी येऊ शकते. नुकसान दूरच्या देशात झाले म्हणून ती सुटत नाही. धोका खरा ठरला, तर वाट्याच्या मानाने खर्चही द्यावा लागू शकतो. म्हणजे साऊल हरला, पण मागून येणाऱ्यांना वाट झाली.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली. वानुआतू हा समुद्रातल्या लहान बेटांचा देश आहे. त्याच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी जागतिक न्यायालयाचे मत मागितले होते. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिले. हवामान सांभाळणे हे प्रत्येक देशाचे कायदेशीर कर्तव्य आहे. ते मोडले आणि त्यामुळेच नुकसान झाले असे सिद्ध झाले, तर भरपाई द्यावी लागू शकते. हे मत आहे, हुकूम नव्हे. तरी त्याला वजन आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली माळढोक पक्ष्याच्या खटल्यात असाच विचार मांडला. हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून संरक्षण मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे ते म्हणाले.

कोर्ट नुसते दुःख ऐकून निकाल देत नाही. ते पुरावा मागते. म्हणून गारपीट झाली, पूर आला, तर तारीख लिहून ठेवा. पंचनामा करून घ्या. त्याची नक्कल जपून ठेवा. सही करण्याआधी कागद स्वतः वाचा. आता तुम्हांला वाचता येते!

शब्दांचे अर्थ
दावा – कोर्टात केलेली मागणी
जाब – केल्या कामाबद्दल द्यावे लागणारे उत्तर
भरपाई – नुकसानीबद्दल दिलेले पैसे
नक्कल – मूळ कागदाची प्रत

प्रश्न
१. पाल्काकोचा तळ्यात पाणी का वाढले?
२. साऊलने कंपनीकडे सगळा खर्च का मागितला नाही?
३. दावा हरूनही साऊलने काय मिळवले?
४. तुमच्या गावात पाऊसपाणी पूर्वीसारखे आहे का? वडीलधाऱ्यांना विचारा आणि पाच ओळी लिहा.