उत्पादक कंपनीची वेबसाइट नव्या डेव्हलपरकडे देताना

जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परप्रांतातील व्यापारी वेबसाइटवरूनही चौकशी करतो. म्हणून जळगाव-धुळ्यातील शेतकरी बंधूंनो, डेव्हलपर बदलताना पुढील क्रम पाळावा.

१) डोमेन हा वेबसाइटचा सातबाराच होय. तो कंपनीच्याच नावे असावा. नसल्यास जुन्या डेव्हलपरचा हिशेब पुरा करण्यापूर्वी नावावर करून घ्यावा.

२) डोमेन व होस्टिंगचे पासवर्ड, सर्व फाइली आणि डेटाबेसची प्रत ताब्यात घ्यावी.

३) नव्या जागी वेबसाइट तपासल्यावरच डीएनएस बदलावा. बदल सर्वत्र पोहोचण्यास एक-दोन दिवस लागू शकतात. तोवर जुने होस्टिंग बंद करू नये.

४) ई-मेलच्या नोंदी जपाव्यात, अन्यथा मागणीची पत्रे पोहोचत नाहीत.

५) शेवटी सर्व पासवर्ड बदलावेत.

हे काम काढणीच्या धामधुमीत करू नये.