लीप वर्ष आणि संगणकाची ‘जर-तर’

चारने भाग जाणारे वर्ष लीप वर्ष, असे आपण शाळेत घोकलेले असते. मग १९०० साली फेब्रुवारीचे दिवस किती होते? एकोणतीस म्हणाल तर चुकलात. ते अठ्ठावीसच होते.

पृथ्वीचे ऋतुचक्र सुमारे ३६५·२४२२ दिवसांत पूर्ण होते. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला तर वर्षाची सरासरी ३६५·२५ दिवस होते, म्हणजे किंचित जास्त. हे ‘किंचित’ शतकानुशतके साठत गेले. म्हणून १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर आली! पुढचा नियम असा ठरला: शंभराने भाग जाणारी वर्षे लीप नव्हेत, मात्र चारशेने भाग जात असेल तर ते लीप. म्हणून १९०० लीप नाही, पण २००० आहे.

हा नियम आता आपण सी भाषेत सांगू. ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास तयार केली. तिच्यात ‘जर’साठी ‘इफ’ आणि ‘नाहीतर’साठी ‘एल्स’ हे शब्द आहेत. अट कंसात लिहायची. % या चिन्हाने भागाकाराची बाकी मिळते. (संगणकावर हे सारे रोमन लिपीत लिहावे लागते, इथे समजण्यासाठी देवनागरीत देतो.)

इफ (वर्ष % ४०० == ०)
    दिवस = ३६६;
एल्स इफ (वर्ष % १०० == ०)
    दिवस = ३६५;
एल्स इफ (वर्ष % ४ == ०)
    दिवस = ३६६;
एल्स
    दिवस = ३६५;

संगणक वरून खाली येतो. जी अट प्रथम खरी ठरेल तिच्याखालची आज्ञा पाळतो आणि उरलेल्या ‘एल्स’कडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून क्रमाला महत्त्व आहे. चारची अट सर्वांत वर ठेवून पाहा. १९०० ला चारने भाग जातो, संगणक ३६६ म्हणून मोकळा होतो, आणि शंभराची अट तपासलीच जात नाही. माझ्या वर्गातील पुष्कळजण २०२४ घालून उत्तर बरोबर आले की वही मिटतात. १९००, २०००, २०२३ आणि २०२४ ही चारही वर्षे घातल्याशिवाय चारही वाटा तपासल्या जात नाहीत.

बरोबरीची खूण दोनदा का, असे तुम्ही विचाराल. एकेरी = म्हणजे ‘ही किंमत ठेव’, दुहेरी == म्हणजे ‘समान आहे का?’. तुम्ही चुकून ‘इफ (दिवस = ३६६)’ लिहिलेत, तर संगणक प्रश्न विचारत नाही; दिवसाची किंमत ३६६ करून टाकतो. सी भाषेत शून्य म्हणजे खोटे आणि शून्याखेरीज काहीही खरे, त्यामुळे ती अट नेहमीच खरी ठरते. आज्ञावली बिनतक्रार चालते आणि उत्तर चुकते. अशी चूक शोधताना भलेभले घामाघूम होतात.

पण अटी साऱ्या बरोबर असूनही एक वाट विसरली तर? ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीची झून ३० ही गाणी ऐकण्याची छोटी यंत्रे जगभर एकाएकी बंद पडली. त्यांतल्या घड्याळाची आज्ञावली १९८० पासूनचे एकूण दिवस घेऊन त्यांतून एकेक वर्ष वजा करत असे. तिचा मतितार्थ असा:

जोपर्यंत दिवस > ३६५, तोपर्यंत पुढील गोष्ट करत राहा:
    जर वर्ष लीप असेल, तर
        जर दिवस > ३६६, तर ३६६ वजा कर, वर्ष १ ने वाढव.
    नाहीतर ३६५ वजा कर, वर्ष १ ने वाढव.

२००८ हे लीप वर्ष. ३१ डिसेंबरला वजाबाकी करता करता दिवस उरले ३६६. ते ३६५ पेक्षा जास्त, म्हणून फेरा सुरू. वर्ष लीप, म्हणून आतल्या अटीकडे. ३६६ हे ३६६ पेक्षा जास्त आहेत का? नाहीत. मग काय करायचे? आतल्या ‘जर’ला स्वतःचे ‘नाहीतर’च नव्हते! काहीच बदलले नाही, पुन्हा तोच फेरा, पुन्हा तीच अट, घाण्याच्या बैलासारखे. बॅटरी संपू द्या आणि दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा चालू करा, असे कंपनीला सांगावे लागले. दुसऱ्या दिवशी दिवस ३६७ होतात आणि अडचण आपोआप सुटते. कशी ते कागदावर मांडून पाहा.

आता तुमच्यासाठी प्रश्न. एक मुलगी म्हणाली, “सर, आतल्या अटीत > ऐवजी >= लिहिले की झाले!” फेरा थांबेल हे खरे. पण ३१ डिसेंबर २००८ ला ते यंत्र कोणत्या वर्षाचा कितवा दिवस दाखवील? आधी आकडे घालून पाहा, आणि मग योग्य दुरुस्ती स्वतः लिहा.